चौथं बोट

धाकटीच्या हाताचं काय चाललंय हे खुद्द धाकटीलाच कळेनासं झालं होतं, आणि त्याला आता चार महिने होत आले होते.

आकडा घसरत होता. रोज संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले, चहा घेतला की ती पियानोसमोर बसायची, ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमचा काटा सोडायची आणि आईच्या जुन्या वहीतला पहिला व्यायाम वाजवायला घ्यायची. व्यायाम म्हणजे काय, तर पाच बोटं आणि पाच पट्ट्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जायचं आणि परत यायचं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. ऐकणाऱ्याचा जीव विटावा असला प्रकार. पण एकही सूर न गाळता ज्या वेगाला हे जमेल, तो त्या दिवसाचा आकडा. तीन वर्षं तो एकशे आठवर ठाण मांडून होता. मग शंभर झाला, आणि गेल्या महिन्यापासून ब्याण्णव.

आता कुणी म्हणेल, अगं बाई, ब्याण्णव तर ब्याण्णव, तुला कुठे मैफल गाजवायची आहे? खरंच नव्हती गाजवायची. तिला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायची, एकवीस वर्षं झाली शिवत होती, आणि तिथे पियानोचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. हा आकडा तिला हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी.

धाकटीची आणि तिच्या थोरल्या बहिणीची आई मुलांना पियानो शिकवायची. पन्नाशीला आली आणि तिचं चौथं बोट रुसलं. पियानोवाले अंगठ्याला पहिलं बोट म्हणतात, म्हणजे चौथं बोट अनामिका. आधी ते रुसलं, मग करंगळी. मग ब्लाउजची बटणं लागेनात, मग कप हातातून निसटायला लागले, आणि आठ वर्षांत दोन्ही हात मांडीवर ठेवून देण्यापुरते उरले. डॉक्टरांनी शेवटी दोघी मुलींना समोर बसवून सांगितलं होतं, की हे दुखणं घराण्यात उतरू शकतं, उतरेलच असं नाही, यावर औषध नाही, आणि बोटं चालती ठेवली तर बरं. थोरलीने तेव्हा उठून डॉक्टरांचं बिल चुकतं केलं होतं. धाकटीने बाहेर येऊन जिन्यात रडून घेतलं आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

त्याऐवजी तिने ही शक्कल काढली. आईला पहिल्यांदा दगा दिला तो याच व्यायामाने, तर आपणही रोज याच व्यायामाने हात तपासायचा. एकशे आठ आला की आजचा दिवस आपला. रात्री झोप लागायची. ही गोष्ट तिने थोरलीला सांगितली नव्हती. थोरलीला वाटायचं बाईला उतारवयात संगीताचं वेड लागलंय, आणि धाकटी ते तसंच वाटू द्यायची.

थोरली म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. धाकटीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती, आणि तिथे मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना जशी धारेवर धरायची, तशी आता घरातल्या कुंड्यांना, दूधवाल्याला आणि धाकटीला धरायची. दोघींनी लग्नं केली नव्हती. का नाही केली ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सांगायला घेतली तर ही राहून जाईल. पियानोशी मात्र थोरलीचं उभं वैर. सोळाव्या वर्षी आईशी भांडून तिने झाकण आपटलं होतं आणि या पेटाऱ्याला पुन्हा शिवणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तिला शिवताना धाकटीने कधी बघितलंही नव्हतं. धूळसुद्धा धाकटीच पुसायची.

“झाला का तुझा व्यायाम?” थोरली रोज स्वयंपाकघरातून विचारायची.

“झाला.”

“आज हळू वाजवत होतीस.”

“मुद्दाम हळू वाजवत होते,” धाकटी म्हणायची, आणि घाईने मेट्रोनोमचा काटा अडकवायची. हिला काही संशय तर आला नाही ना? ही बोलून दाखवणार नाही, पण हिच्या नजरेतून सुटतही काही नाही.

आणि गोंधळ एवढ्यावर थांबता तर बरं. आकडा एकीकडे खाली चाललेला, आणि दुसरीकडे कारखान्यात उलटीच तऱ्हा. फर्मे शिवताना तिच्या हातून दोरा तुटायला लागला. एकवीस वर्षांत आठवड्याला एखादा तुटायचा, आता दिवसाला चार. ओढ जास्त बसत होती. मालक एकदा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काय हो बाई, दोऱ्यावर राग काढताय का?” सगळे हसले, तीही हसली. पण डोकं चक्रावून गेलं. बोटं कमजोर होत असतील तर दोरा तुटेल कसा? मग तिला वाटलं, जोर नाही वाढलेला, अंदाज सुटलाय. आईचाही सुटला होता. कधी कप निसटायचा, तर कधी आई तो इतका घट्ट धरायची की सोडवून घ्यावा लागायचा. झालं, त्या दिवशी तिने जेवणाचा डबा भरलेलाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी तिने एक धाडस केलं. कारखान्याच्या पलीकडच्या रस्त्यावर वाद्यांचं दुकान होतं. दुपारी ती तिथे शिरली, विकत घेणाऱ्याचा आव आणला आणि एका नव्या कोऱ्या पियानोसमोर बसली. दुकानदाराकडून मेट्रोनोम मागून घेतला. सुरुवात नव्वदला केली, भीतभीतच. नव्वद सहज गेला. शंभर गेला. एकशे आठ गेला, एकशे बारा गेला, आणि एकशे सोळालाही चौथं बोट असं काही पडत होतं की तिला स्वतःच्या हाताची ओळख पटेना. दुकानदार म्हणाला, “ताई, गाणं वाजवा की एखादं.” तिला एकही येत नव्हतं. “नंतर येते,” म्हणून ती उठली आणि रस्त्यावर आल्यावर तिला इतका आनंद झाला की ती चुकीच्या बसमध्ये बसली.

संध्याकाळी घरी बसली तर ब्याऐंशी.

तिने पुन्हा वाजवला. ब्याऐंशी. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, हात गरम पाण्यात बुडवून आली. ऐंशी. चौथं बोट पट्टीवर ठेवायची आणि ती पट्टी खाली जायला जणू तयारच नसायची. बाहेर ठणठणीत आणि घरात पाऊल टाकलं की आजारी, असं दुखणं जगात कुणाला असतं का? का हे सगळं मनाचे खेळ आहेत? का दुकानातला पियानोच हलका, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून? ती पट्ट्यांकडे बघत राहिली. कशाचा कशाला मेळ बसत नव्हता. आणि मेळ नाही म्हणून भीती कमी होईल म्हणाल, तर तसंही नव्हतं. आईच्या डॉक्टरांचा नंबर जुन्या डायरीत होता. तो फिरवायचा की नाही एवढंच आता ठरवायचं होतं, आणि तिच्याने ते ठरवेना.

त्यात थोरलीने जेवताना सांगितलं, “कानसेन येऊन गेले आज.”

कानसेन म्हणजे पियानो सुरात लावणारे काका. बसल्या जागेवरून शेजारच्या घरातली बेसूर घंटा ओळखायचे, म्हणून दोघी बहिणींनी लहानपणीच त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि आता तर ते स्वतःही फोनवर तसंच सांगायचे.

“परत?” धाकटी म्हणाली. “मागच्या महिन्यात तर येऊन गेले.”

“हवा बदलली की उतरतो म्हणे. तू जेव.”

धाकटी जेवली. पण अंथरुणावर पडल्यावर तिला आपलं वाटलं, की कानसेन वर्षातून एकदा यायचे. या चार महिन्यांत ही त्यांची तिसरी खेप. मग ती उठून बसली आणि आपल्या आकड्यांची वही काढून तारखा आठवायला लागली. आकडा रोज थोडाथोडा उतरला नव्हता. तो पायरी उतरल्यासारखा उतरला होता, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा कानसेन येऊन गेल्यावर.

कानसेनांनी तिला फार पूर्वी एकदा सांगितलं होतं, की पट्टीच्या टोकावर पन्नास ग्रॅम वजन ठेवलं की ती आपली आपण खाली गेली पाहिजे, चांगल्या पियानोची ती खूण. शनिवारी तिने कारखान्यातून खळीची पावडर मोजायची पितळी वजनं मालकांना विचारून पर्समध्ये घातली. रविवारी सकाळी थोरली भाजी आणायला बाहेर पडली, तशी तिने झाकण उघडलं आणि मधल्या पट्टीच्या टोकावर पन्नास ग्रॅम ठेवले.

पट्टी ढिम्म हलली नाही.

साठ ठेवले. सत्तर ठेवले. ऐंशीला पट्टी मोठ्या नाइलाजाने खाली गेली. तिने शेजारची बघितली, त्याच्या पलीकडची बघितली, दहा-बारा बघितल्या. सगळ्यांची तीच गत. तिने फोन उचलला आणि कानसेनांना म्हणाली, “काका, असाल तसे या.”

ते अर्ध्या तासात आले. जवळच राहायचे. दारातच म्हणाले, “काय, जड झाल्या का फार? मी मोठ्या बाईंना म्हणालो होतो, एवढं एकदम नको.”

“काय जड झाल्या? काय केलंय तुम्ही?”

काका गोंधळले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पियानोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “तुम्हाला माहीत नाही? त्या म्हणाल्या मी सांगते धाकटीला.” मग त्यांनी पुढची फळी काढली, आतली यंत्रणा उचलून बाजूला ठेवली आणि तिला वाकून बघायला सांगितलं. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर शिशाचे छोटे तुकडे बसवलेले होते. एकावर एक, तीन थर. “बोटांना ताकद यावी म्हणून करतात असं कुणीकुणी. दर खेपेला एक थर वाढवायचा, असं ठरलं होतं आमचं.”

धाकटी खुर्चीवर बसली. आणि मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. काका बिचारे हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे. शिसं होतं. चार महिने तिने स्वतःला मनातल्या मनात अंथरुणाला खिळवून टाकलं होतं, कारखाना सोडला होता, कपाटातले कपडे कुणाला द्यायचे ते ठरवलं होतं, आणि ते सगळं शिसं होतं. म्हणून दोरे तुटत होते. तिची बोटं जगात कुणाची नसतील एवढी दणकट झाली होती.

रडू ओसरलं तसा राग चढला. तिने पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली.

थोरली पिशवी घेऊन आत आली, तिने उघडा पडलेला पियानो बघितला, काका बघितले, आणि ती जागच्या जागी थांबली.

“ताई, तुला कुणी सांगितलं होतं?” धाकटी म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण तो चढलाच. “माझ्या बोटांना ताकद आण म्हणून मी तुझ्याकडे आले होते का? लहानपणापासून हेच. मी काय खायचं, काय नेसायचं, आता माझी बोटं कशी असावीत तेही तूच ठरवणार. मी चार महिने काय भोगलंय तुला कल्पना आहे? मला वाटलं, आईचं आलं. रोज वाटत होतं. मी डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता.”

थोरलीने पिशवी टेबलावर ठेवली. ती नेहमीसारखी फाडकन उत्तर देईल म्हणून धाकटी तयारीत होती.

“तुला तसं वाटलं?” थोरली हळूच म्हणाली. “तू त्यासाठी वाजवतेस?”

“मग कशासाठी वाजवते? मला गाणं येतं का एक तरी?”

थोरली खाली बसली. “तुझ्यासाठी नव्हती गं ती वजनं,” ती म्हणाली.

धाकटीला काही कळलंच नाही. “मग कोणासाठी? घरात दुसरं कोण वाजवतं?”

काकांना आधी कळलं. त्यांनी मान फिरवली आणि पेटीतली हत्यारं उगाच नीट लावायला लागले.

“तू कामावर गेलीस की मी बसते,” थोरली म्हणाली. “अकरा ते बारा. गेल्या हिवाळ्यापासून. उजवा हात. आधी वाटलं थंडीने असेल. मग बटणं लावायला वेळ लागायला लागला. डॉक्टर म्हणाले होते ना, बोटं चालती ठेवा. मला वाटलं नुसती चालवून काय होणार, जोर लावला तर थांबेल कदाचित. तुझी बोटं एवढी पक्की, दिवसभर पुठ्ठे वाकवणारी, तुला काय फरक पडणार म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. तुला जिन्यात रडताना बघितलंय मी.”

आता सांगायला लाज वाटते, आणि धाकटीलाही पुढे फार दिवस वाटत राहिली, पण त्या क्षणी तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की म्हणजे मला नाही. ती आली आणि गेली. पण आली होती हे खरं. तिला थोरलीकडे बघवेना. इतक्या महिन्यांत तिने एकदाही बहिणीच्या हाताकडे बघितलं नव्हतं. रोज स्वतःच्याच बोटांवर डोळा ठेवून बसली होती.

“किती येतो तुला?” तिने विचारलं. हा प्रश्न किती वेडगळ आहे हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

पण थोरलीला तो लगेच कळला. “साठ. तोही चौथं बोट गाळून, त्याला पट्टी पेलत नाही. पहिल्यांदा बहात्तर यायचा. मग उतरत गेला.”

“ताई, मग तो उतरणारच,” धाकटी उठून तिच्याजवळ आली. “माझाही उतरला. तीन वेळा उतरला. काकांनी थर वाढवले की उतरायचा. तुझाही त्यानेच उतरला असेल. तुला काही झालेलं नसेल, थंडीच असेल, वयच असेल. आपण दोघी मिळून वेड्या झालो आहोत.”

ती स्वतःच्याच बोलण्याला धरून चालली होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं, आणि धाकटीने तिला आयुष्यात पहिल्यांदा असं बघितलं, की समोरचा म्हणतोय ते खरं असावं अशी थोरलीची इच्छा आहे.

काका खाकरले. “मग काय करू? ठेवू की काढू?”

“काढा,” थोरली म्हणाली. “सगळी काढा.”

दीड तास लागला. शिशाचे तुकडे एका ताटलीत जमत गेले. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून होत्या. मध्येच थोरलीने भाजी निवडायला घेतली आणि दोन जुड्या झाल्यावर बाजूला सारली. काकांनी यंत्रणा परत बसवली, फळी लावली, आणि एका पट्टीवर धाकटीची पितळी वजनं ठेवून दाखवली. पन्नासला पट्टी अलगद खाली गेली. मग ते पैसेबिसे नको म्हणाले आणि निघून गेले.

धाकटीने मेट्रोनोम साठवर लावला. नंतर तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो पन्नासवर आणला.

थोरली पियानोसमोर बसली. पाठ ताठ, आईने शिकवली होती तशी. उजवा हात तिने पट्ट्यांवर ठेवला आणि चार ठोके जाऊ दिले. अंगठ्याचा सूर वाजला. दुसऱ्या बोटाचा वाजला, मोठा आणि स्वच्छ. तिसऱ्याचा वाजला. चौथं बोट पट्टीवर टेकलं, आणि पट्टी खाली गेली नाही. थोरलीने ते दाबलं. मनगट खाली गेलं, खांदा पुढे आला. पट्टी होती तिथेच राहिली. मेट्रोनोम टक टक करत पुढे गेला.

तिने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. पुन्हा तीन सूर वाजले.

धाकटीने हात लांब करून मेट्रोनोमचा काटा धरला. थोरली हात तसाच पट्ट्यांवर ठेवून बसली होती.

“उद्या सुट्टी टाकते मी,” धाकटी म्हणाली. “सकाळीच जाऊ डॉक्टरांकडे.”

“दोन दिवसांची टाक,” थोरली म्हणाली. “आईच्या वेळी तपासण्या एका दिवसात झाल्या नव्हत्या.”